पत्त्याला खूण बांधा

आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोती उसनी देतो. समजा, चार घरी चार पोती दिली. देताना एकाला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला निळा, चौथ्याला पांढरा. पुढे लाल दोऱ्याचे पोते बाजारात कोणा परक्याच्या गाडीवर दिसले. ते कोणाच्या घरून गेले, हे कोणाला विचारावे लागेल का? नाही. दोराच सांगेल.

हीच युक्ती आपल्या ई-मेलच्या पत्त्याला लावता येते. कशी, ते या धड्यात पाहू.

ई-मेल म्हणजे काय?

ई-मेल म्हणजे मोबाइलवरून किंवा संगणकावरून जाणारे टपाल. त्याला पोस्टमन लागत नाही. तिकीट लागत नाही. पत्र बहुधा काही क्षणांत पोचते. ई-मेलच्या पत्त्यात मधे @ अशी खूण असते. तिला 'ॲट' म्हणतात. खुणेच्या आधी आपले नाव असते. खुणेनंतर आपली पेटी सांभाळणाऱ्या कंपनीचे नाव असते. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या माणसाने ही खूण पत्त्यात घातली.

तिकीट लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण खोडही तीच आहे. एक जाहिरात लाख लोकांना धाडली, तरी धाडणाऱ्याचा खिसा हलका होत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० लोकांना एकदम अशी जाहिरात पाठवली. लोक चिडले. पण वाट पडली ती पडली. अशा न मागितलेल्या टपालाला 'स्पॅम' म्हणतात.

यात आपले काय जाते?

नुसती जाहिरात असेल तर वेळ जातो. पण काही पत्रे फसवी असतात. "तुमच्या मुलाला नोकरी लागली. आधी फी भरा." "तुमचे कर्ज मंजूर झाले. खात्याची माहिती कळवा." असे गोड लिहितात. घाईने भरवसा ठेवला, तर कष्टाचा पैसा जातो.

यांना आपला पत्ता मिळतो कुठून? आपणच तो जागोजाग देतो. बियाण्याच्या दुकानात देतो, ट्रॅक्टर पाहायला गेलो तिथे देतो, नोकरीच्या अर्जात देतो. यांपैकी कोणी तो पुढे विकतो. कोणाच्या वहीतून तो चोरीला जातो.

खूण कशी बांधायची?

गूगल कंपनीची जीमेल नावाची पेटी पुष्कळ लोक वापरतात. समजा, तुमचा पत्ता असा आहे :

मळा@जीमेल.कॉम

प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरांत लिहितात. आता बियाण्याच्या दुकानात पत्ता देताना नावापुढे बेरजेची खूण करा. तिच्यापुढे एक शब्द जोडा :

मळा+बियाणे@जीमेल.कॉम

ट्रॅक्टरवाल्याला द्या :

मळा+ट्रॅक्टर@जीमेल.कॉम

नवी पेटी उघडायची नाही. कोणाला कळवायचे नाही. सारे टपाल तुमच्याच पेटीत येते. पण कोणते पत्र कोणत्या पत्त्यावर आले, ते पत्राच्या वरच्या ओळीत दिसते. तिथे बोट दाबले की बहुधा पुरा पत्ता उघडतो. कोणाला कोणता शब्द दिला, ते एका वहीत लिहून ठेवा.

खूण काय सांगते?

समजा, एक दिवस पत्र आले. वर बँकेचे नाव आहे. पण ते आले आहे 'मळा+बियाणे' या पत्त्यावर. हा पत्ता तुम्ही बँकेला दिलाच नव्हता. मग बँकेला तो कळला कसा? पत्र खोटे आहे, असेच समजा. त्यातल्या कशावरही बोट दाबू नका. शंका असेल तर बँकेत जाऊन विचारा.

पत्ता कुठून फुटला, हेही कळले : बियाण्याच्या दुकानातून. पण लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पत्ता कुठून गेला, एवढेच खूण सांगते. विकला की चोरीला गेला, ते ती सांगत नाही. त्याला शांतपणे विचारा. कदाचित त्यालाही चोरीची खबर नसेल.

मग ती वाट बंद करा. "या खुणेचे टपाल कचऱ्यात टाक," असे पेटीला सांगून ठेवता येते. जीमेलमध्ये हे काम संगणकावर करावे लागते. घरातल्या शिकत्या मुलामुलींची मदत घ्या. पासवर्ड आणि ओटीपी मात्र बाहेरच्या कोणालाही सांगू नका.

या युक्तीला मर्यादा आहेत

काही अर्जांत बेरजेची खूण चालत नाही. हुशार चोर ती खूण आणि पुढचा शब्द पुसून टाकतो. म्हणून योग्य खुणेवर आलेले पत्रही खरेच असेल असे नाही. आधी मजकूर तपासा, मग विश्वास ठेवा.

ज्यातून मूळ पत्ता कळतच नाही, असे पत्तेही मिळतात. ॲपल कंपनी अशी सोय देते. फायरफॉक्स रिले ही दुसरी सोय आहे. तिथे मिळालेल्या पत्त्यावरचे टपाल आपल्या पेटीत येते. त्रास झाला की तो एकच पत्ता बंद करायचा.

तिसरी जात आहे घटकाभरच्या पत्त्यांची. मेलिनेटर हे त्यातले एक नाव. त्याची साधी पेटी चावडीवरच्या उघड्या पेटीसारखी असते. पत्ता ठाऊक असेल तो कोणीही पत्र वाचू शकतो. बँक, पेन्शन, आधार, नोकरी यांसाठी असा पत्ता कधी देऊ नये. तिथे आपला कायमचा पत्ताच द्यावा.

आणि एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा हाती लागणे कठीण.

लक्षात ठेवा

१. दर ठिकाणी वेगळी खूण द्या.
२. खुणांची वही ठेवा.
३. पत्र आले की आधी वरचा पत्ता पाहा, मग मजकूर वाचा.

प्रश्न

१. ई-मेलला तिकीट लागत नाही. यात सोय कोणती आणि खोड कोणती?
२. 'मळा+ट्रॅक्टर' या पत्त्यावर "मुलाला नोकरी लागली" असे पत्र आले. तुम्ही काय समजाल? काय कराल?
३. तुम्ही आजवर आपला पत्ता कुठे कुठे दिला? आठवून वहीत लिहा. प्रत्येकापुढे एक खुणेचा शब्द लिहा.