वराहशाळेचें सांडपाणी व त्याचा हिशेब

डुकरांच्या गोठ्यांतून वाहणारें पाणी म्हणजे पातळ झालेलें खत होय. त्याची व्यवस्था नीट न राखल्यास काय घडतें, याचा दाखला अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना संस्थानांत मिळतो. तेथें मलमूत्र धुऊन उघड्या तळ्यांत सोडण्याची व वरचें पाणी शेतांत फवारण्याची वहिवाट आहे. ता. २१ जून १९९५ रोजीं ऑन्स्लो जिल्ह्यांत अतिवृष्टीनंतर अशा एका तळ्याचा बांध फुटला. सुमारें अडीच कोटी गॅलन, म्हणजे साडेनऊ कोटी लिटर, घाण पाणी शेजारच्या शेतांवरून न्यू नदीस मिळालें व असंख्य मासे मेले. पुढें १९९७ सालीं सरकारनें नव्या तळ्यांस तात्पुरती मनाई केली; २००७ सालीं ती कायम झाली.

तळ्यांतील सूक्ष्म जंतु मैला कुजवितात, हें खरें. परंतु नत्राचा कांहीं भाग अमोनिया होऊन हवेंत जातो, आणि स्फुरद तळच्या गाळांत सांचतो. तो नाहींसा होत नाहीं. सबब शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीस कोणतें द्रव्य कोठें गेलें, हें पाहिलें पाहिजे.

१. छपरावरील पावसाचें पाणी निराळ्या चरानें बाहेर काढावें. तें मिसळल्यास हौद व्यर्थ भरतो.

२. चाळणीनें घन भाग वेगळा करून त्याचें कंपोस्ट करावें.

३. पातळ भाग हवाबंद टाकींत कुजवावा. त्यापासून जळाऊ वायु मिळतो व दुर्गंधी घटते. मात्र वायु निघाला म्हणून नत्रहि निघाला असें समजूं नये. तो बाहेर पडणाऱ्या पाण्यांत राहतोच.

४. जमीन अपुरी असल्यास पाण्यांत हवा खेळवावी. त्यायोगें जंतु अमोनियाचें नायट्रेट करितात. नंतर हवा बंद केल्यास दुसरे जंतु त्याचा निरुपद्रवी नत्रवायु करितात.

५. उरलेलें पाणी मातीची परीक्षा करून, पिकाच्या गरजेपुरतेंच द्यावें. पाऊस तोंडावर असतां तें मुळींच सोडूं नये.

सांठवणुकीच्या हौदांत नेहमीं जागा मोकळी असावी. उत्तर कॅरोलायनांत २५ वर्षांतून एकदां पडणाऱ्या २४ तासांच्या पावसाइतकी जागा राखण्याचा दंडक आहे.

पिकास न लागलेला नत्र नायट्रेटरूपानें विहिरींत उतरतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. तें फार वाढल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व अंग निळें पडतें. विहीर बहुधा शेजाऱ्याची असते, म्हणून ही जबाबदारी अधिकच मोठी.

ज्यांचे येथें डुकरें नाहींत, त्यांनींहि गाईम्हशींच्या गोठ्याचें पाणी कोठें जातें, हें पाहावें. आमची सूचना एवढीच कीं, जनावरें किती, पाणी किती, कोणत्या शेतास केव्हां दिलें, याची एक वही प्रत्येकानें ठेवावी. वहींत जमा अधिक व खर्च कमी दिसूं लागल्यास, हौद वाढविण्याआधीं जनावरें कमी करावीं किंवा खत घेणारा शेजारी शोधावा.