‘कासव’ : मनाचे आजारपण आणि बोलण्याचे धैर्य

हरिहरेश्वराजवळ सावित्री नदी समुद्रास मिळते. खाडीपलीकडील वेळास येथे २००२ पासून सागरी कासवांची अंडी कुंपणाआड जपली जातात. पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात. समुद्रापर्यंत मात्र ती स्वतःच चालत जातात.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटात कोकणातील असेच संवर्धनकार्य मानसिक आजाराच्या कथेशी जोडलेले आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणास जानकी आश्रय देते. ती स्वतः नैराश्यातून सावरत असल्याने त्याचे मौन तिला समजते.

यावरून ध्यानात येते की, मोकळेपणाने बोलणे ही एकट्या रुग्णाची जबाबदारी नव्हे; ऐकणाऱ्याने आधी निर्भय जागा निर्माण करावी लागते. ‘वेडा’, ‘दुबळा’ हे शब्द ती जागा हिरावून घेतात. नैराश्यावर उपचार आहेत. ‘मला नैराश्य आले होते’ हे वाक्य ‘मला कावीळ झाली होती’ इतक्या सहजतेने उच्चारता आले पाहिजे. गरज भासल्यास शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

स्वाध्याय : आपल्या बोलीत मानसिक आजारासाठी कोणते शब्द रूढ आहेत? त्यांपैकी कोणता शब्द ऐकून माणूस बोलणे थांबवील, ते सकारण लिहा.