क्रोशाचा ढगळ स्वेटर ड्रेस

आपल्याकडे क्रोशाची सुई बहुतेकींच्या हातात येते ती पांढऱ्या दोऱ्यासोबत. रुखवतात मांडायचे रुमाल, दाराचं तोरण, टेबलावरचं झाकण. त्या कामात टाका जितका घट्ट तितकी वाहवा. स्वेटर ड्रेसला मात्र नेमका उलटा हात लागतो. घट्ट विणलेला ड्रेस पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, बसलं की पोटाशी दुमडतो आणि अंगात गेल्यावर आपलाच आकार दुप्पट दाखवतो. ढगळ कपड्याची सगळी शोभा त्याच्या झुळझुळीत पडण्यात आहे, आणि ते पडणं ठरतं जाड सुईवर आणि सैल हातावर. ही एक गोष्ट मनाशी धरली, तर बाकी कृती खरोखर सोपी आहे. दोन मोठे आयत, त्यांच्यावरच उचलून विणलेल्या दोन बाह्या, आणि दोन्ही बाजूंना एकेक सरळ शिवण. मुंढ्याचा आकार द्यायचा नाही, कारण खांदा दंडावर उतरलेलाच छान दिसतो.

विणायला टाकेही दोनच लागतात. मुका खांब: टाक्यात सुई घालून धागा ओढायचा, पुन्हा धागा घेऊन सुईवरच्या दोन्ही लूपमधून काढायचा. अर्धा खांब: आधी सुईवर एक वेढा, मग टाक्यातून धागा ओढायचा, सुईवर तीन लूप होतात, आणि धागा घेऊन तिन्हींतून एकदम बाहेर. साखळी आणि हे दोन टाके येत असतील तर ड्रेस तुमच्या आवाक्यातला आहे.

लोकर आणि सुया

पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी हुडहुडी आणि दुपारी ऊन अशी स्थिती असते. तिथे शुद्ध लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा ड्रेस अकरा वाजता नकोसा होतो. निव्वळ सुती धागा गार वाटतो, पण जड असतो आणि स्वतःच्या वजनाने लांबत जातो. म्हणून माझी पसंती सुती-ॲक्रिलिक मिश्र धाग्याला. ड्रेस शिकागोला किंवा टोरांटोला राहणाऱ्या लेकीसाठी असेल, तर मात्र खुशाल मेरिनोचं मिश्रण घ्या. लेबलवर 100 ग्रॅमला साधारण 200 मीटर लिहिलेलं असावं. घरात बारीक लोकर असेल तर दोन धागे एकत्र धरून विणता येईल, फक्त पुढे दिलेलं माप जुळलं पाहिजे. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आणि एकदमच घ्या. दोन लॉटच्या रंगातला फरक दुकानाच्या दिव्यात कळत नाही, अंगावर ड्रेसच्या मधोमध पट्टा म्हणून उठून दिसतो.

सुया दोन: अंगासाठी 6 मिमी, काठ आणि गळ्यासाठी 5 मिमी. शिवायला मोठ्या नाकाची बोथट सुई, खुणेला सेफ्टी पिना, मापाची टेप.

नमुना तुकडा

हा टप्पा टाळायचा मोह सगळ्यांना होतो आणि बिघडलेल्या बहुतेक ड्रेसचं मूळ इथेच असतं. 6 मिमीच्या सुईवर 21 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, मग प्रत्येक साखळीत एकेक, म्हणजे 20 खांब होतील. काम वळवा, 1 साखळी घ्या (ती टाक्यात मोजायची नाही), पुन्हा 20 अर्धे खांब. अशा 15 ओळी विणा. तुकडा धुवा, पंचावर आडवा वाळवा, मग चिमट्याने दोरीला लावून रात्रभर लटकत ठेवा. सकाळी मोजलेलं माप खरं.

मधल्या भागात 10 सेंमीत 13 टाके आणि 10 ओळी बसायला हव्यात. 15 टाके बसले तर तुमचा हात घट्ट आहे. ओढून सैल करायला जाऊ नका, सरळ 6.5 किंवा 7 मिमीची सुई घ्या. सवयीचा हात बदलायला महिने जातात, सुई बदलायला क्षण. 10 सेंमीत 10 ओळी हे प्रमाण मला फार सोयीचं वाटतं, कारण मग एक ओळ म्हणजे एक सेंमी आणि पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो.

हाच तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. समजा 15 × 15, म्हणजे 225 चौरस सेंमीचा तुकडा 12 ग्रॅम भरला. खालच्या मापाच्या ड्रेसचं क्षेत्रफळ सुमारे 12,800 चौरस सेंमी होतं. त्याला 225 ने भागून 12 ने गुणलं की साधारण 680 ग्रॅम येतात. काठाची वीण दाट असते, शिवणीलाही धागा जातो, म्हणून 750 ग्रॅम आणा. अंदाजाने आणलेली लोकर दुसऱ्या बाहीच्या कोपराशी संपते, आणि तोवर दुकानातला तो लॉट गेलेला असतो.

माप

इथले आकडे 91 सेंमी (36 इंच) छातीसाठी आहेत. ढगळपणासाठी त्यात 25 सेंमी मिळवले की घेर 116, म्हणजे एक बाजू 58 सेंमी. सेंमीला 1.3 ने गुणलं की टाके मिळतात: 75. तुमची छाती 102 सेंमी असेल तर घेर 127, एक बाजू 63.5 आणि टाके 83. गळ्याचे 33 टाके दोन्ही मापांत तेच ठेवा, वाढलेले टाके दोन खांद्यांत वाटा. खांदे रुंद झाले म्हणून गळा रुंद करायची गरज नसते. केला तर ड्रेस एका बाजूला घसरत राहतो.

लांबी खांद्यापासून 87 सेंमी धरली आहे. मध्यम उंचीच्या बाईला ती गुडघ्याच्या जरा वर येते. गुडघ्याखाली हवा असेल तरी हव्या त्या लांबीपेक्षा 3-4 सेंमी कमीच विणा. पाऊण किलोचा ड्रेस अंगावर उरलेली लांबी आपली आपण मिळवतो.

मागची बाजू

सुरुवात खालच्या काठापासून. 5 मिमीच्या सुईवर 11 साखळ्या, त्यांवर 10 मुके खांब. काम वळवा, 1 साखळी. आता प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर ज्या दोन कड्या दिसतात, त्यांतल्या फक्त मागच्या कडीत सुई घालून 10 मुके खांब विणा. अशा 75 ओळी. या पट्टीला उभ्या घड्या पडतात आणि ती रबरासारखी ताणली जाते. ओळी मोजायला दर दहाव्या ओळीला सेफ्टी पीन लावा.

पट्टी आडवी फिरवा, 6 मिमीची सुई घ्या आणि तिच्या लांब कडेवर दर ओळीच्या टोकात एक असे 75 अर्धे खांब विणा. पट्टी अंगापेक्षा थोडी अरुंद दिसेल. तशीच हवी, तिच्यामुळे घेर खाली किंचित आत वळतो.

यापुढे वळवायचं, 1 साखळी, 75 अर्धे खांब, इतकंच. या वेळी मात्र टाक्याच्या दोन्ही कड्यांखालून सुई घाला. पट्टीवरची पहिली ओळ धरून 80 ओळी होईपर्यंत हेच चालू ठेवा. काम एकसुरी आहे, गप्पा मारत करण्यासारखं, पण कडांपाशी गप्पा थांबवा. काम वळवून साखळी घेतली की पहिला टाका त्या साखळीच्या अगदी बुडाशी दबलेला असतो. नवा हात तो ओलांडून दुसऱ्यात सुई घालतो. ओळीच्या शेवटी उलट होतं, शेवटचा टाका कलंडून मागे गेलेला असतो आणि संपलं असं वाटून काम वळवलं जातं. अशाने आयत हळूहळू निमुळता होत जातो. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक वेळी टाके मोजा. दोन्ही टोकांच्या टाक्यांत पीन अडकवून ती ओळीगणिक वर सरकवत नेलीत तर मोजायचीही गरज उरत नाही.

अर्ध्या खांबाची आणखी एक खोड आहे. वळवल्यावर माथ्याच्या दोन कड्यांच्या जरा खाली, आपल्या बाजूला, तिसरी आडवी कडी दिसते. ती वेढ्याची असते. चुकून तिच्यात सुई गेली की त्या ओळीवर उठावदार रेघ येते. रेघ सुंदर दिसते, पण मधेच एखादी आली तर डाग वाटतो. रेघा हव्याच असतील तर पहिल्यापासून त्याच कडीत विणा, आणि नमुना तुकडाही तसाच केलेला असू द्या, कारण माप बदलतं.

गुंडा संपला तर नवा धागा ओळीच्या टोकालाच जोडा, दोन्हीकडे 15 सेंमी शेपूट ठेवून. मधोमध मारलेली गाठ सैल विणीतून हमखास डोकावते.

पुढची बाजू

काठासह 74 ओळींपर्यंत सगळं मागच्यासारखं. (ओळी मोजताना काठाची पट्टी धरायची नाही.) मग गळा.

75व्या ओळीत फक्त 24 अर्धे खांब विणा आणि वळवा. 76, 77 आणि 78 या ओळींत गळ्याच्या बाजूला एकेक टाका घटवा. घटवायचा असा: वेढा घेऊन पहिल्या टाक्यातून धागा ओढा, मग वेढा न घेता पुढच्या टाक्यातूनही ओढा. सुईवर चार लूप होतील, सगळ्यांतून एकदम काढा. 21 टाके राहतील. 79 आणि 80 सरळ विणून धागा तोडा. आता 74व्या ओळीवरचे मधले 27 टाके सोडून त्यापुढच्या टाक्यात नवा धागा लावा आणि उरलेल्या 24 टाक्यांवर तसाच दुसरा खांदा करा.

खांदे आणि बाह्या

दोन्ही बाजूंची सुलट अंगं समोरासमोर ठेवा आणि दोन्ही टोकांचे 21-21 टाके जोडा. खांद्याची शिवण सैल चालत नाही, अख्ख्या ड्रेसचं वजन तिच्यावर असतं. म्हणून इथे स्लिप स्टिचने (दोन्ही तुकड्यांच्या टाक्यांतून सुई घालून धागा ओढायचा आणि तोच सुईवरच्या लूपमधूनही काढायचा), टाक्याला टाका असं नीट जोडा. शेवटी आतून एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत अर्धा इंच रुंदीची सुती टेप हाताने शिवून टाका. एवढ्या श्रमाने ड्रेस वर्षानुवर्षं आकारात राहतो.

तुकडा जमिनीवर उलगडून पसरा. खांद्याच्या शिवणीपासून पुढे 21 ओळी आणि मागे 21 ओळी मोजून पिना लावा. या 42 ओळींच्या कडेवर 6 मिमीच्या सुईने 56 अर्धे खांब उचला: दर तीन ओळींत चार, म्हणजे एक, एक आणि तिसरीत दोन. मोठ्या मापाला 24-24 ओळी घेतल्यात तर 64 टाके होतील. पुढे 36 ओळी विणा, दर तिसऱ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका घटवत. 32 टाके उरतील. दुसरी बाहीही तशीच.

मनगटाची पट्टी वेगळी विणा: 5 मिमीची सुई, 10 मुके खांब, मागच्या कडीत, 28 ओळी. ती बाहीच्या 32 टाक्यांना जोडताना चार जास्तीचे टाके चुणीत सामावून घ्या. बाही साध्या स्वेटरच्या मानाने आखूड वाटेल. घाबरू नका, खांदाच दंडावर सुमारे 9 सेंमी खाली आलेला असतो, तितकी लांबी तिथे मिळालेली असते.

शिवण आणि गळा

उलट बाजू वर ठेवून खांद्यावर घडी घाला. मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खाली काठाच्या पट्टीपर्यंत एकाच ओघात बोथट सुईने शिवा. आधी काखेचे कोपरे पिनेने धरून ठेवा, नाहीतर एक बाजू लांब उरते. खालची पट्टी दोन्हीकडे मोकळी सोडा. त्या छोट्या फटींमुळे जिना चढताना ड्रेस पायात अडकत नाही.

गळ्याभोवती 5 मिमीच्या सुईने मुक्या खांबांचा फेर घाला: मागे 33, पुढच्या मध्यावर 27, दोन्ही उतरत्या कडांवर 8-8, एकूण 76. असे तीन फेर. पहिल्या फेरानंतर डोक्यातून घालून बघा. अडलं तर पुढचे फेर 6 मिमीच्या सुईने घ्या.

खिशांचा हट्ट अनेकींना असतो. मी ते या ड्रेसला लावत नाही, कारण फोन ठेवला की ती बाजू लोंबते.

धुताना कोमट पाण्यात हलका साबण, पिळायचं नाही. जाड पंचात गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. मग सावलीत आडवा पसरून, हाताने कडा सरळ करून वाळवा. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, वीण कायमची चपटी होते. कपाटात हँगरला न लावता घडी करून ठेवा. धाग्यात लोकर असेल तर कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून घडीत ठेवा, निव्वळ ॲक्रिलिकला त्याची गरज नाही.