'गोजिरा' आणि 'गॉडझिला' : एका चित्रपटाचे दोन पाठ

राक्षसपटाचे नाव काढले की सुशिक्षित माणसे नाक मुरडतात. रबरी कातडे पांघरलेला माणूस खेळण्यातली घरे तुडवतो, यापलीकडे त्यात काय असणार, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज बव्हंशी या चित्रपटांच्या अमेरिकन प्रतींवरून झालेला आहे. हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहावेत तसे मूळ जपानी चित्रपट आणि त्यांच्या अमेरिकन आवृत्त्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातून जे हाती लागले ते येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली. बोटीवरील २३ खलाशी आजारी पडले व त्यांतील एक सप्टेंबरमध्ये दगावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा, इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या आरंभीच डेकवर विसावलेल्या खलाशांसमोर समुद्र लखकन उजळतो आणि त्यांची बोट पेट घेते. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. त्या प्रेक्षकाला या दृश्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९५६ साली हाच चित्रपट 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने अमेरिकेत झळकला. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांवर आला, आणि त्या ८० मिनिटांतही टेरी मोर्स यांनी नव्याने चित्रित केलेली दृश्ये घातली गेली. रेमंड बर हा नट स्टीव्ह मार्टिन नावाचा अमेरिकन वार्ताहर झाला. सगळी कथा आता तो सांगतो. जपानी पात्रांशी त्याचे बोलणे पाठमोऱ्या नटांच्या साह्याने जुळवलेले आहे.

कात्री कुठे चालली हे पाहणे उद्बोधक आहे. मूळ चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या लोकलमध्ये चालतात तशा गप्पा टोकियोच्या गाडीत चालल्या आहेत. एक तरुणी म्हणते की आधी किरणोत्सर्गी मासे, आता हा गोजिरा. नागासाकीतून वाचवून आणलेला जीव पुन्हा धोक्यात! सोबतचा प्रवासी पुन्हा आसरा शोधण्याच्या कल्पनेनेच वैतागतो. हा प्रसंग अमेरिकन प्रतीत नाही. संसदेतील वादही गेला आहे. गोजिराचा संबंध बाँबशी आहे हे जाहीर केले तर परराष्ट्रसंबंध बिघडतील, म्हणून गप्प राहा, असे एक सभासद सांगतो आणि महिला सभासद सत्य उघड करण्यासाठी उसळून उठतात. आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो तसलाच हा वाद आहे.

शेवटही बदलला आहे. डॉ. सेरिझावा आपल्या भयंकर शोधासह समुद्रतळाशी प्राण देतात, हे दोन्हीकडे समान. पण मूळ चित्रपटात वृद्ध शास्त्रज्ञ यामाने अखेरीस म्हणतात की हा शेवटचा गोजिरा असेल असे वाटत नाही. चाचण्या चालूच राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा उगवेल. अमेरिकन प्रतीत वार्ताहर सांगतो की संकट टळले, एक थोर माणूसही गेला, आता जग पुन्हा जगू लागेल. प्रेक्षक पहिल्या चित्रपटातून चिंता घेऊन बाहेर पडतो, दुसऱ्यातून सुटकेचा निःश्वास टाकून.

तरीही न्यायाने बोलायचे तर ही आवृत्ती टाकाऊ नाही. हायड्रोजन बाँबचा उल्लेख तिने पुसलेला नाही, जपानी माणसांची चेष्टा केलेली नाही, आणि या प्राण्याला जगभर नेले ते तिनेच. १९५७ साली ती खुद्द जपानातही दाखवली गेली.

पुढच्या आवृत्त्यांबद्दल इतके बरे बोलता येत नाही. १९६२ च्या 'किंग काँग विरुद्ध गोजिरा' या चित्रपटात जाहिरातबाजी आणि दूरदर्शन कार्यक्रमांची लोकप्रियता यांवर झकास उपहास होता. १९६३ च्या अमेरिकन प्रतीत त्याची जागा बरीचशी बातम्या वाचणाऱ्या निवेदकाने घेतली आणि अकिरा इफुकुबे यांचे बहुतेक संगीत बदलले. जपानी प्रतीत गोजिरा जिंकतो व अमेरिकन प्रतीत काँग, ही आख्यायिका मात्र खोटी आहे. दोन्हींत काँगच पोहत निघून जातो.

सर्वांत बोलके उदाहरण १९८४ च्या 'गोजिरा'चे. मूळ चित्रपटात जखमी सोव्हिएत अधिकारी अण्वस्त्राचे प्रक्षेपण थांबवण्यासाठी धडपडत प्राण सोडतो. १९८५ च्या अमेरिकन प्रतीत तोच अधिकारी जाणूनबुजून बटण दाबतो. शीतयुद्धाच्या काळात एवढ्याशा फेरफाराने शांतता वाचवू पाहणारा माणूस खलनायक झाला. नट तोच, जहाज तेच. अर्थ मात्र उलटा.

येथे कोणी विचारील की रूपांतर आपल्याकडेही झालेच ना? आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव', आणि १९७५ साली पु. लं.नी 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली. पण या मंडळींनी नाटक नव्याने लिहिले आणि शेक्सपिअर किंवा शॉ कपाटात जसाच्या तसा राहिला. चित्रपटाच्या बाबतीत त्याच नटांचे तेच चेहरे वापरून वेगळे बोलवून घेतले जाते, आणि पाहणाऱ्याला मूळचे हेच असे वाटते. अमेरिकेतील सर्वसाधारण प्रेक्षकासाठी मूळ 'गोजिरा' चित्रपटगृहांत आला तो २००४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. तोवर दोन पिढ्यांनी होंडा यांच्याविषयीचे मत दुसऱ्याच्या कात्रीवरून बनवले होते.

आपली स्थिती याहून बिकट आहे. १९६६ साली बलवंत दवे यांचा 'गोगोला' हा हिंदी राक्षसपट आला होता. त्यात तबस्सुम यांची भूमिका होती. आज तो पाहायला मिळत नाही. गाणी तेवढी ऐकायला मिळतात. जपान्यांनी मूळ प्रत सांभाळली म्हणून आज तुलना तरी करता आली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, पण हलक्या समजल्या गेलेल्या चित्रपटांची आठवण कोणी ठेवली नाही.

विद्यार्थीमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते : परकीय चित्रपट पाहून त्या देशाविषयी मत बनवण्यापूर्वी आपल्यासमोर कोणती प्रत आहे, ती कोणी आणि कोणत्या वर्षी कापली, एवढी चौकशी जरूर करावी. पुस्तक हाती घेतल्यावर आपण अनुवादकाचे नाव पाहतो. चित्रपटालाही तोच नियम लावायला हरकत नसावी.