डॉ. शेपर्डने बायकोचा खून केला होता का?

प्रश्न : हॅरिसन फोर्डचा 'द फ्युजिटिव्ह' हा चित्रपट टीव्हीवर पुन्हा पाहिला. बायकोच्या खुनाचा आळ आलेला नामांकित डॉक्टर, पोलिसांच्या हातून निसटून तो एका हाताच्या खुन्याचा माग काढतो, अशी ती गोष्ट. मुलगा म्हणतो, हे अमेरिकेत खरेच घडले होते. खरे का? आणि मग त्या खऱ्या डॉक्टरने बायकोला मारले होते की नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. १९९३चा हा चित्रपट निघाला तो १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत गाजलेल्या त्याच नावाच्या टीव्ही मालिकेवरून. मालिकेची कल्पना रॉय हगिन्स यांची. ओहायो राज्यातल्या डॉ. सॅम शेपर्ड प्रकरणाशी तिचा संबंध नाही, असे ते सांगत. प्रेक्षकांना मात्र ते कधी पटले नाही, कारण मालिका सुरू झाली तेव्हा खरा डॉक्टर तुरुंगात होता आणि त्याची कहाणी घरोघरी माहीत होती. फरक इतकाच की खरा डॉक्टर कधीच पळाला नाही, आणि त्याच्या बाबतीत एका हाताचा खुनीही शेवटी सापडला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. ४६ वर्षांत तीन वेगवेगळ्या ज्यूरी या प्रकरणावर बसल्या आणि तिघींनी तीन निकाल दिले. तरीही मला यात एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

क्लीव्हलंड शहराच्या पश्चिमेला, ईरी सरोवराच्या काठी बे व्हिलेज नावाची सुखवस्तू वस्ती आहे. तिथले बे व्ह्यू रुग्णालय शेपर्ड घराण्याचे. वडील डॉक्टर, तिन्ही मुलगे डॉक्टर. सॅम सर्वांत धाकटा, तीस वर्षांचा, मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रिया करणारा. ही मंडळी ऑस्टिओपॅथी शाखेची. त्या काळी अमेरिकेतले इतर डॉक्टर या शाखेला आपल्या पंगतीला बसवत नसत, म्हणून यांनी स्वतःचेच रुग्णालय काढून नाव कमावले होते. सॅमची बायको मॅरिलिन ३१ वर्षांची, शाळेपासूनची ओळख. सात वर्षांचा एक मुलगा होता आणि मॅरिलिनला चौथा महिना होता.

३ जुलै १९५४च्या रात्री शेजारचे एक जोडपे जेवायला आले होते. जेवणानंतर टीव्हीवर चित्रपट लागला, तो पाहता पाहता सॅमला खालच्या खोलीतल्या दिवाणावरच झोप लागली. मध्यरात्रीनंतर मॅरिलिनने पाहुण्यांना निरोप दिला आणि ती वर झोपायला गेली. पहाटे पावणेसहाच्या सुमारास सॅमने शेजारी राहणाऱ्या गावच्या महापौरांना फोन केला. महापौर आले तेव्हा मॅरिलिन पलंगावर रक्ताच्या थारोळ्यात मरून पडली होती. डोक्यावर आणि चेहऱ्यावर घावांवर घाव होते. मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेलाच होता.

सॅमची हकिकत अशी : बायकोची हाक ऐकून तो वर धावला, खोलीत कुणाची तरी आकृती दिसली, मानेवर तडाखा बसून तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने तिची नाडी पाहिली. खाली आवाज ऐकून तो पुन्हा धावला, दाट केसांच्या एका माणसाला सरोवराच्या काठावर गाठले, झटापट झाली, आणि तो पुन्हा बेशुद्ध झाला. जागा झाला तेव्हा त्याचे अर्धे अंग पाण्यात होते.

ही हकिकत पचायला जड आहे, हे मान्य केले पाहिजे. एकाच रात्री दोनदा बेशुद्ध? अंगातला टी-शर्ट गेला कुठे? त्याचे घड्याळ, अंगठी आणि किल्ल्या एका पिशवीत घालून घराबाहेरच्या उतारावर टाकलेल्या सापडल्या. चोर असला तर तो लूट टाकून का गेला? पोलिसांचे प्रश्न पुरते सुरू व्हायच्या आतच भावांनी सॅमला उचलून आपल्या रुग्णालयात नेले, ते वेगळेच. नंतर कळले की रुग्णालयातल्या एका तंत्रज्ञ तरुणीशी त्याचे संबंध होते, आणि शपथेवर विचारल्यावर त्याने ते साफ नाकारले होते. संशय घ्यायला हे पुरेसे होते. मी तपास अधिकारी असतो तर पहिला संशय त्याच्यावरच घेतला असता.

पण संशय घेणे वेगळे आणि शहराने एका माणसाला गुन्हेगार ठरवून मग पुरावा शोधायला निघणे वेगळे. घडले ते दुसरे. त्या सकाळी घरात शेजारी, पोलीस, पत्रकार सगळे फिरत होते. वरच्या खोलीतले काय जपायला हवे याचे भान कुणालाच नव्हते. 'क्लीव्हलंड प्रेस' या दैनिकाचे संपादक लुई सेल्टझर यांनी पहिल्या पानावर अग्रलेख चालवले. कुणीतरी खून करून मोकळा सुटतोय, असा एकाचा मथळा. दुसऱ्याने मृत्यूची जाहीर चौकशी का होत नाही, असे विचारले आणि ती लगेच जाहीर झाली. तिसऱ्याने विचारले, सॅम शेपर्ड अजून तुरुंगात का नाही? त्याच रात्री, ३० जुलैला, त्याला अटक झाली. जाहीर चौकशी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली, कॅमेरे आणि शेकडो बघ्यांच्या गर्दीत. सर्वांसमोर सॅमची अंगझडती घेतली गेली. त्याच्या वकिलाला बाहेर काढले तेव्हा लोकांनी जल्लोष केला. मेलेल्या बाईच्या चौकशीत जल्लोष झाला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

खटला ऑक्टोबरमध्ये उभा राहिला, निवडणुकीच्या तोंडावर. न्यायाधीश एडवर्ड ब्लायदिन स्वतः त्या निवडणुकीत उमेदवार होते, मुख्य सरकारी वकीलही न्यायाधीशपदासाठी उभे होते. न्यायालयाची खोली होती २६ बाय ४८ फूट. तिच्यात वकिलांच्या राखीव जागेत पत्रकारांसाठी लांबलचक टेबल टाकले होते, ज्यूरीपासून हाताच्या अंतरावर. आरोपीला आपल्या वकिलाशी दोन शब्द गुपचूप बोलायचे तर खोलीबाहेर जावे लागे. ज्यूरीच्या खोलीशेजारी एका रेडिओ केंद्राने प्रक्षेपणाची यंत्रणा मांडली होती. ज्यूरीसाठी बोलावलेल्या नागरिकांची नावे आणि पत्ते आधीच वर्तमानपत्रांत छापून आले, आणि त्यांना पत्रे व फोन येऊ लागले. न्यूयॉर्कमधल्या एका बाईने सॅमपासून आपल्याला मूल झाल्याचे सांगितल्याची बातमी रेडिओवरून पसरली. दोन ज्यूरर म्हणाले, हो, आम्ही ती ऐकली. न्यायाधीशांनी त्यांना काम पुढे चालू ठेवू दिले.

पुराव्यातली एक वस्तू मात्र नीट पाहण्यासारखी आहे : मॅरिलिनच्या उशीचा अभ्रा. त्यावर रक्ताचा एक ठसा उमटला होता. मृत्यूची चौकशी करणारे कॉरोनर डॉ. सॅम्युएल गर्बर यांनी शपथेवर सांगितले की हा ठसा शस्त्रक्रियेच्या हत्याराचा आहे. कोणत्या हत्याराचा, ते त्यांनी सांगितले नाही. ते हत्यार न्यायालयात कधी आले नाही. पण आरोपी सर्जन होता. बारा सामान्य माणसांच्या डोळ्यांपुढे सर्जनच्या हातातले हत्यार उभे करायला तेवढे वाक्य पुरले. पाच दिवसांच्या विचारविनिमयानंतर २१ डिसेंबर १९५४ रोजी ज्यूरीने त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरवले. शिक्षा जन्मठेप. जानेवारी १९५५ मध्ये सॅमच्या आईने स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि पुढच्या ११ दिवसांत वडीलही आजाराने गेले.

निकाल लागून घराच्या किल्ल्या बचाव पक्षाच्या हाती आल्यावर बर्कले विद्यापीठाचे गुन्हेवैज्ञानिक पॉल कर्क यांनी ती खोली तपासली. भिंतींवरच्या रक्ताच्या शिंतोड्यांवरून त्यांनी मत दिले की मारेकरी डावखुरा असावा, आणि कपाटाच्या दारावरचा एक मोठा डाग सॅमचाही नाही, मॅरिलिनचाही नाही, तिसऱ्याच माणसाचा आहे. सॅम उजव्या हाताचा होता. अशा खुनात मारणाऱ्याच्या अंगावर रक्त उडतेच, पण सॅमच्या पँटवर फक्त गुडघ्यापाशी एक डाग मिळाला होता. तरी पुन्हा खटला चालवायला न्यायालयाने नकार दिला.

पुढची सुटका झाली ती एफ. ली बेली या तरुण वकिलाच्या चिकाटीने. १९६४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने शिक्षा रद्द केली, वरच्या न्यायालयाने ती पुन्हा कायम केली, आणि ६ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला : न्यायाधीशांनी न्यायालयाची जत्रा होऊ दिली, शेपर्डला निष्पक्ष खटला मिळालाच नाही. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिलेले हे निकालपत्र आजही कायद्याच्या अभ्यासात शिकवले जाते. न्यायालयाने उपायही सांगितले : पत्रकारांच्या वागण्याला शिस्त लावा, पोलीस आणि वकिलांच्या बाहेरच्या वक्तव्यांना आवर घाला, गरज पडली तर खटला दुसऱ्या जिल्ह्यात न्या, ज्यूरीला बातम्यांपासून दूर ठेवा. तो खुनी आहे की नाही, यावर त्या निकालात एक अक्षर नाही.

दुसरा खटला त्याच वर्षी झाला. बेली यांनी उलटतपासणीत गर्बर यांना पुन्हा त्या हत्याराकडे आणले. असे हत्यार देशभर शोधूनही आपल्याला सापडले नाही, असे गर्बर यांना सांगावे लागले. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी ज्यूरीने सॅमला निर्दोष सोडले.

सुटलेला माणूस मात्र सावरला नाही. तो पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळला, रुग्ण दगावले, दावे झाले, काम सोडावे लागले. दारू वाढली. शेवटी तो व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात 'किलर शेपर्ड' या नावाने उतरला. ६ एप्रिल १९७० रोजी वयाच्या ४६व्या वर्षी यकृत निकामी होऊन तो गेला.

सॅमच्या मुलाने लढा सोडला नाही. त्याचे बोट रिचर्ड एबरलिंग या माणसाकडे होते. हा शेपर्डांच्या घरी खिडक्यांच्या काचा पुसायला येई. १९५९ मध्ये चोरीच्या प्रकरणात पकडल्यावर त्याच्याजवळ मॅरिलिनची अंगठी सापडली. काम करताना बोट कापल्याने आपले रक्त त्या घरात सांडले होते, असेही त्याने सांगितले. पुढे १९८९ मध्ये एका वृद्ध विधवेच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला आणि १९९८ मध्ये तुरुंगातच मेला. मॅरिलिनच्या खुनाचा आरोप मात्र त्याच्यावर कधी ठेवला गेला नाही. वडिलांना चुकीने तुरुंगात ठेवले म्हणून मुलाने सरकारवर दिवाणी दावा लावला. डीएनए तपासणी झाली, पण जुन्या नमुन्यांवर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. एप्रिल २०००मध्ये त्या ज्यूरीने सांगितले : सॅम शेपर्ड निर्दोष होता हे सिद्ध झालेले नाही.

१९६६ मध्ये सुटलेला माणूस २०००मध्ये निर्दोष ठरला नाही, हे कोडे वाटेल. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न वेगळे होते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते, आणि सरकारला ती पार पाडता आली नाही. दिवाणी दाव्यात निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे मुलावर होते, आणि तोवर बहुतेक साक्षीदार गेले होते, नमुने जुने झाले होते. दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि माझ्या मते आहेत. १९५४चा निकाल मात्र कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. तो सॅम खरोखर खुनी असला तरीही टिकत नाही, कारण ज्या काळात खोली जपायची, डाग तपासायचे, काचा पुसणाऱ्यासकट घरी येणाऱ्या प्रत्येकाची नीट चौकशी करायची, त्या काळात सगळा जोर त्याला आत टाकण्यावर गेला.

मराठी वाचकाला इथे नानावटी खटला आठवणे साहजिक आहे. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या बाजूने 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने रान उठवले, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, आणि उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून शिक्षा दिली. क्लीव्हलंडमध्ये वर्तमानपत्र आरोपीच्या विरुद्ध होते, इथे बाजूने. आपल्याकडे आता ज्यूरी नाही. पण घराच्या चार भिंतींत बायको मारली गेली आणि नवरा तिथेच होता, तर काय घडले ते नवऱ्याने सांगितले पाहिजे, असे पुराव्याच्या जुन्या कायद्याचे कलम १०६ सांगत होते. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०९ आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे लावले. मात्र आधी पायाभूत पुरावा सरकारने उभा करायचा, ही अट कायम आहे. शेपर्डसारख्याला आपल्या न्यायालयात आपल्या हकिकतीचा हिशेब द्यावा लागला असता, हे नक्की. आणि वाहिन्यांनी तपास सुरू असतानाच निकाल देऊ नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बजावले आहे.

तेव्हा मुलाला सांगा : डॉक्टरवर संशय घेण्यासारखे बरेच होते, त्याला दोषी ठरवण्याइतके नव्हते. मॅरिलिन शेपर्डच्या खुनासाठी सॅमशिवाय दुसऱ्या कुणावरही आजवर खटला चाललेला नाही.