शब्द फोडला की अर्थ सापडतो
(वसतिगृहातील अभ्यासवर्गासाठी पाठ)



वसतिगृहाला भेट देणारे अनेक जण मला विचारतात, "ही मुलं दहावीपर्यंत विज्ञानात चांगली असतात, मग अकरावीला मागे का पडतात?" त्यांची बुद्धी कमी होत नाही, भाषा बदलते. घरी भिली, पावरी किंवा वारली, शाळेत मराठी, आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. 'प्रकाशसंश्लेषण' छान समजावून सांगणारी मुलगी 'फोटोसिंथेसिस' ऐकून गप्प बसते. विषय तिला येतो, फक्त त्याचे नाव नवे असते.

अशा वेळी आपण मुलांच्या हाती शब्दांची यादी देतो आणि पाठ करायला सांगतो. परीक्षा झाली की यादी विसरली जाते. त्यापेक्षा शब्द फोडायला शिकवावे.

१. तुकडे ओळखा

विज्ञानातील बरेचसे इंग्रजी शब्द मुळात ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे आहेत. ईश्वरविज्ञानाची पदविका करताना मी थोडी ग्रीक शिकले. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि त्यातले साधे शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात पुन्हा भेटतात. 'फोस' म्हणजे प्रकाश, 'हायमा' म्हणजे रक्त, 'बायोस' म्हणजे जीवन, 'सोमा' म्हणजे शरीर. 'फोटो' म्हणजे प्रकाशाचा आणि 'सिंथेसिस' म्हणजे जोडणी. 'प्रकाश' आणि 'संश्लेषण' ही मराठी जोडी अगदी तशीच आहे! 'क्रोमा' म्हणजे रंग, म्हणून 'क्रोमोसोम' म्हणजे रंग घेणारे शरीर. पेशीला रंग दिल्यावर हे धागे गडद दिसले, म्हणून १८८८ मध्ये त्यांना हे नाव मिळाले. मराठीत त्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो.

२. ओळखीच्या शब्दापासून जपा

अनोळखी शब्द मूल निदान विचारते. ओळखीचा शब्द मात्र फसवतो. 'सेल' म्हटले की मुलांना बॅटरीचा सेल आठवतो, नाहीतर दुकानावरचा सेलचा फलक. जीवशास्त्रात सेल म्हणजे पेशी. हा शब्द लॅटिन 'सेला', म्हणजे लहान खोली, यावरून आला. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात असे कप्पे पाहिले आणि हे नाव वापरले. 'वर्क'चेही तसेच. डोक्यावर मोळी घेऊन तासभर उभे राहिले तर घाम येतो, पण मोळी जागची हलली नाही, म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबात मोळीवर वर्क शून्य. हे उदाहरण सांगितले की मुले आधी हसतात, मग वाद घालतात, आणि शब्द लक्षात राहतो.

३. एक शब्द, ज्यावर घर अवलंबून असते

सिकल सेल आजाराचे रुग्ण आपल्या आदिवासी भागांत बरेच आहेत. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणीचा कागद पुष्कळ घरांत येतो, आणि तो वाचायची वेळ बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलावरच येते. म्हणून हा पाठ मी नेहमी याच कागदावर घेते.

'सिकल' म्हणजे विळा. गोल असणारी तांबडी पेशी या आजारात विळ्यासारखी वाकते. 'हिमोग्लोबिन'मध्ये 'हायमा' आहेच. 'ग्लोब' म्हणजे गोळा. 'लिसिस' म्हणजे फुटणे, म्हणून 'हिमोलिसिस' म्हणजे तांबड्या पेशी फुटणे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची सुमारे १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कमी पडते. 'ॲन' म्हणजे नाही आणि पुढे पुन्हा रक्त, तो झाला 'ॲनिमिया'.

आता 'पॉझिटिव्ह'. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे, एवढेच. माणूस रुग्ण आहे की वाहक, हे त्यावरून कळत नाही. ते 'इलेक्ट्रोफोरेसिस'सारख्या पुढच्या तपासणीत कळते. 'इलेक्ट्रो' म्हणजे विजेचे, 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणे. विजेच्या साहाय्याने वेगवेगळी हिमोग्लोबिने निरनिराळ्या अंतरावर सरकतात. कागदावर 'एएस' किंवा 'ट्रेट' लिहिले असेल तर तो वाहक असतो, आणि वाहक सहसा निरोगी असतो. 'एसएस' म्हणजे आजार. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'ट्रेट' या एका शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे निरोगी मुलीला आजारी समजतात. उलट 'एसएस'कडे दुर्लक्ष झाले तर उपचार राहून जातात. कागद वाचता आला तरी सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा, हेही मुलांना सांगा.

४. फोड ही खूण आहे, व्याख्या नाही

'मलेरिया' फोडला तर इटालियन भाषेत 'वाईट हवा' निघते. लोक तसेच मानत होते. पण १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. नाव जुन्या समजुतीचे राहिले, ज्ञान पुढे गेले. म्हणून फोड करून अंदाज बांधावा आणि मग पुस्तकातली व्याख्या पाहावी.

५. वर्ग कसा घ्यावा

एका दिवशी पाचच शब्द घ्या. आधी वस्तू किंवा चित्र दाखवा, मग मराठी शब्द विचारा, मग इंग्रजी शब्द फोडा. त्यानंतर मुलाला तोच अर्थ आपल्या घरच्या बोलीत सांगू द्या आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य लिहून घ्या. बोलीची पायरी गाळू नका. बोलीत सांगता आले तरच अर्थ कळला असे समजा. प्रश्नपत्रिकेतले शब्दही शिकवा: 'डिफाइन' म्हणजे व्याख्या लिहा, 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक सांगा, 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र सिद्ध करून दाखवा. उत्तर येत असूनही प्रश्न न कळल्यामुळे गुण जातात.

यासाठी तुम्ही विज्ञानाचे पदवीधर असण्याची गरज नाही. आठवड्याचा एक तास, फळा आणि खडू पुरे.

सरावासाठी: 'थर्मामीटर', 'हायड्रोलिसिस', 'बायोलॉजी', 'एक्झोथर्मिक'. 'थर्मो' म्हणजे उष्णता, 'हायड्रो' म्हणजे पाणी, 'लॉजी' म्हणजे शास्त्र, 'एक्झो' म्हणजे बाहेर. बाकीचे मुलांना शोधू द्या.