लुप्तप्राय पक्षी आणि डोळ्यांची साक्ष

एखादा पक्षी अस्तित्वात आहे हे दाखविण्यास त्या जातीचा एकच पक्षी पुरेसा होतो. तो नाहीसा झाला हे सिद्ध करावयाचे, तर मात्र त्याच्या वसतीची प्रत्येक दलदल आणि प्रत्येक रान धुंडाळावे लागते. त्यामुळे ज्या पक्ष्यांची कित्येक वर्षे खात्रीची वार्ता नाही, ते आपण पाहिल्याचे सांगणारे लोक अधूनमधून पुढे येतात. अशा वार्तेचे मोल कसे ठरवावे, हे भारतातील दोन पक्ष्यांच्या उदाहरणांवरून पाहू.

गुलाबी डोक्याचे बदक

बिहार, बंगाल व आसाम या प्रदेशांत, उंच गवताने वेढलेल्या दलदलींत हे बदक राहत असे. नराचे अंग गडद तपकिरी असून डोके व मान गुलाबी असत. पक्षी मुळातच विरळ आणि लाजाळू. पुढे गवताळ पाणथळ जागा लागवडीखाली आल्या आणि शिकारही होत राहिली. 1935 साली सी. एम. इंग्लिस यांनी दरभंगा भागात हे बदक पाहिले. ही त्याच्या अखेरच्या विश्वसनीय नोंदींपैकी एक होय. 1949 नंतर रानातील एकही निर्णायक नोंद नाही. म्यानमारमध्येही त्याचा शोध घेण्यात आला. 2017 साली तेथील इंडोजी सरोवराच्या परिसरात मोहीम गेली. परंतु पक्षी सापडला नाही.

मग हे बदक पाहिल्याचे सांगणारे सारे असत्य बोलतात काय? तसे मुळीच नाही. बहुतेक जण प्रामाणिकच असतात. परंतु आपल्याकडे हिवाळ्यात मोठी लालसरी नावाचे बदक येते. तिच्या नराचे डोके नारिंगी-तांबूस असते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, दुरून, तोच रंग गुलाबी भासू शकतो. त्यातून पाहणाऱ्याच्या मनात दुर्मिळ बदकाची आस असेल, तर जे डोळ्यांनी अर्धेच टिपले ते मन पुरे करते. उडताना मात्र लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. गुलाबी डोक्याच्या बदकाला तसा पट्टा नसे. तेव्हा "डोके गुलाबी होते" एवढ्याने भागत नाही. "पंखावर पांढरा पट्टा होता की नव्हता" हेही विचारावे लागते.

साक्षीची पारख

म्हणून प्रत्येक नोंदीला काही प्रश्न विचारावेत. पक्षी किती अंतरावरून व किती वेळ दिसला? प्रकाश कोठून येत होता? पाहिलेल्या खुणा पुस्तक उघडण्यापूर्वी लिहून ठेवल्या होत्या काय? त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर जाती कोणत्या कारणाने वगळल्या? दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने तो स्वतंत्रपणे पाहिला काय? छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा पीस असा काही पुरावा आहे काय? दावा जितका असाधारण, तितका पुरावा भक्कम असावा लागतो. पुरावा अपुरा असल्यास "सिद्ध झाले नाही" एवढेच म्हणावे. "खोटे आहे" असे म्हणण्याचे कारण नाही.

संशयातून लागलेला शोध

अशा चिकित्सेने उमेद खचते, असा काहींचा समज असतो. वनपिंगळ्याची कथा याच्या उलट सांगते. या लहानशा घुबडाचा शेवटचा अस्सल नमुना 1884 साली खानदेशात मिळाला. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्झहागेन या पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात 1914 साली गुजरातेत मिळविल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा हा नमुना प्रत्यक्षात जुन्या संग्रहातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे, असे उघड झाले. मधल्या काळातील काही नोंदीही नेहमीच्या साध्या पिंगळ्याच्या ठरल्या. ही फसवी नोंद बाजूला सारून, अस्सल नमुने ज्या ठिकाणी मिळाले होते त्या ठिकाणांकडे शोधकांनी लक्ष वळविले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत वनपिंगळा दिसला. त्याची छायाचित्रे घेतली गेली आणि 113 वर्षांचा प्रश्न सुटला. पुढे मेळघाटासह इतरही रानांत तो आढळला.

संशय घेणे म्हणजे नाकारणे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. खोट्या वार्तेवर विसंबल्यास श्रम व पैसा चुकीच्या जागी खर्च होतो. उलट, घाईने पक्षी नामशेष ठरविल्यास त्याच्या उरलेल्या वसतिस्थानाचे रक्षण करण्याची निकड कोणासच वाटत नाही, आणि एखादे वेळी शेवटची जोडी आपल्याच दुर्लक्षाने नाहीशी होऊ शकते. या दोन्ही चुका टाळण्यासाठी पाहणाऱ्याने नोंदवहीत तारीख, स्थळ, वेळ व प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा तत्काळ लिहाव्यात. पक्ष्याचे नाव मात्र सर्वांत शेवटी लिहावे.